फाशीला विरोध कशाच्या आधारावर? धर्माकडून आणि घटनेकडून

प्रश्न असा आला: "मनुस्मृतीत देहदंड आहे, कुराणात आहे, बायबलच्या जुन्या करारातही आहे. आपली राज्यघटना राष्ट्रपतींना फाशी माफ करण्याचा अधिकार देते, म्हणजे फाशी तिने गृहीतच धरली आहे. मग फाशीला विरोध करणारे धर्माचं आणि घटनेचं नाव कशाच्या जोरावर घेतात?" विचारणारा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रश्न रास्त आहे आणि कोर्टात सरकारी वकील थोड्याफार फरकाने हेच विचारतात. मी फौजदारी वकिली करते, हायकोर्टात फाशीच्या कन्फर्मेशनच्या, म्हणजे सेशन कोर्टाने दिलेली फाशी कायम करायची का हे ठरवण्याच्या, केसेस चालवते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

त्याने सांगितलेल्या गोष्टी खऱ्या आहेत. धर्मग्रंथांत देहदंड आहे आणि घटनेत फाशीचा उल्लेखही आहे. ते नाकारून युक्तिवाद उभा करायला गेलात तर पहिल्याच प्रश्नाला कोसळाल. मला भावलेला मुद्दा वेगळा आहे. त्या माणसाने मरणाच्या लायकीचं कृत्य केलं का, इथेच बहुतेक वाद अडकतो. धर्मातली आणि घटनेतली सगळ्यात भक्कम मांडणी त्याच्या पुढचं विचारते: न चुकता हे ठरवू शकेल असा कोणी आहे का, आणि एखादा माणूस आता कधीच बदलणार नाही हे आज कोणाला सांगता येईल का?

हे दोन्ही प्रवाह एकत्र येताना बघायचे असतील तर संविधान सभेतली ३ जून १९४९ची चर्चा वाचा. फाशीच्या प्रकरणांत सुप्रीम कोर्टाकडे अपील असावं का, असा विषय होता. डॉ. आंबेडकर म्हणाले की अपिलाची सोय करत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करावी, असं मला वाटतं. कारण काय दिलं? हा देश अहिंसेचं तत्त्व मानतो. लोक ते प्रत्यक्षात पाळत नसतील, पण नैतिक आज्ञा म्हणून मानतात. मसुदा समितीचा अध्यक्ष, कायद्याचा इतका मोठा पंडित, आणि फाशीविरुद्ध बोलताना त्याने आधार घेतला तो इथल्या धार्मिक परंपरेचा. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला अंबाल्याच्या तुरुंगात गांधीजींच्या मारेकऱ्यांना फाशी झाली. ती होऊ नये म्हणून गांधीजींच्या दोन मुलांनी, मणिलाल आणि रामदास यांनी, विनंती केली होती. ती मानली गेली नाही.

आता धर्माकडे येऊ. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला द्युमत्सेन राजा आणि त्याचा मुलगा सत्यवान यांचा संवाद सांगतात. वकिलांनी तो जरूर वाचावा, कारण त्यात दोन्ही बाजू मांडलेल्या आहेत. राजाच्या हुकमाने काही माणसांना वधासाठी नेलं जात असतं. मुलगा बापाला म्हणतो, वध हा कधी धर्म होऊ शकत नाही. राजा आजच्या कुठल्याही सरकारी वकिलासारखंच उत्तर देतो: दुष्टांना मारलं नाही तर राज्य चालेल कसं? पूर्वी नुसता धिक्कार पुरायचा, मग कठोर शब्द लागू लागले, मग दंड वसूल करावा लागला, आता वधाशिवाय लोक ऐकत नाहीत. सत्यवान मागे हटत नाही. तो म्हणतो, एकाला मारताना राजा त्याची बायको, आई, बाप, मुलं यांनाही मारतो आणि त्यांनी काहीच केलेलं नसतं. वाईट माणूसही कधीकधी चांगल्या वळणाला लागतो, वाईटाच्या पोटी चांगली संतती येते, म्हणून मुळासकट उपटू नये. शिक्षा जरूर करावी, ती जीव न घेता करावी. फाशी यार्डातल्या माणसाची बायको नणंदेच्या घरी आश्रित म्हणून राहते आणि मुलांची शाळा सुटते, हे मी पाहिलेलं आहे. त्यामुळे सत्यवानाचं बोलणं मला अजिबात जुनं वाटत नाही.

बौद्ध परंपरेतलं उदाहरण अंगुलिमालाचं. मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथात ही कथा आहे. आपल्याकडे ती डाकूचा साधू झाला इतकीच सांगतात, पण तिचा कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढे आहे. राजा प्रसेनजित घोडेस्वार घेऊन अंगुलिमालाला पकडायला निघालेला असतो. बुद्ध त्याला विचारतात, तो भिक्षू होऊन सदाचाराने राहताना दिसला तर काय कराल? राजा म्हणतो, वंदन करू. बुद्ध शेजारी बसलेल्या भिक्षूकडे बोट दाखवतात. राजाच्या अंगावर काटा येतो, पण तो शब्द पाळतो. म्हणून अंगुलिमाल सुटला का? तसंही नाही. भिक्षेला जाताना लोक त्याला दगड मारतात, डोकं फुटतं, आणि बुद्ध त्याला म्हणतात, सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. गुन्ह्याची किंमत चुकती करावीच लागली, फक्त ती चुकवायला माणूस जिवंत राहिला. फाशीविरोध म्हणजे गुन्हेगाराला मोकळं सोडणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही कथा शेवटपर्यंत वाचावी.

बाकीच्या धर्मांबद्दल थोडक्यात. इस्लाममध्ये खुनाला किसास, म्हणजे जिवाच्या बदल्यात जीव, आहे, पण त्याच आयतीत मृताच्या नातलगाने माफ केलं तर भरपाई घेऊन प्रकरण मिटवण्याची वाट ठेवली आहे, आणि माफ करणं हे पुण्याचं काम मानलं आहे. ज्यू परंपरेत मिश्ना हा जुना धर्मनियमांचा ग्रंथ म्हणतो की सात वर्षांत एकाला देहदंड देणारं न्यायमंडळ संहारक म्हणावं. एका मताप्रमाणे तर सत्तर वर्षांत एकाला. कॅथलिक चर्चने २०१८ मध्ये आपल्या शिकवणुकीत बदल करून देहदंड अस्वीकार्य ठरवला. आणि आपल्या घरी म्हटलं जाणारं पसायदान काय मागतं? 'जे खळांची व्यंकटी सांडो, तया सत्कर्मी रती वाढो.' खळ नाहीसे व्हावेत असं ते म्हणत नाही.

मनुस्मृतीचा आधार देणाऱ्यांना मी एकच विचारते: आठवा अध्याय पूर्ण मान्य आहे का? तिथे ब्राह्मणाला प्राणांतिक दंडाऐवजी मुंडन सांगितलं आहे, बाकीच्या वर्णांना मात्र प्राणदंड. देहदंड सगळ्यांना सारखा लागू होत नव्हता, हे त्या ग्रंथानेच लिहून ठेवलंय. आणि इथूनच आपण थेट घटनेच्या अनुच्छेद १४ वर, कायद्यापुढच्या समानतेवर, येतो.

घटनेतला मुख्य आक्षेप मजकुराचा आहे. अनुच्छेद २१ म्हणतो की कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचं जीवित हिरावून घेता येणार नाही. म्हणजे कार्यपद्धती पाळून घेता येईल. राष्ट्रपतींना माफीचा अधिकार देणाऱ्या अनुच्छेद ७२ मध्ये मृत्युदंडाचा स्पष्ट उल्लेख आहे. याच धर्तीवर जगमोहन सिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींनी फाशी वैध ठरवली. पण १९७८च्या मनेका गांधी निकालाने चित्र बदललं. कार्यपद्धती नुसती कायद्यात असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, मनमानी नसली पाहिजे. आणि अनुच्छेद ७२ मध्ये फाशीचं नाव आहे ते माफीच्या संदर्भात. घटनेने फाशी द्याच असं कुठेही म्हटलेलं नाही. ती ठेवायची की काढायची हे संसदेवर सोडलं, आणि संसदेने काढायची ठरवलं तर घटनेतला एक शब्दही बदलावा लागणार नाही.

मग आला १९८०चा बच्चन सिंग निकाल, चार विरुद्ध एक. फाशी वैध ठरली, पण 'दुर्मिळातील दुर्मीळ' प्रकरणातच. हे शब्द सगळ्यांना पाठ असतात आणि वाक्याचा उरलेला भाग विसरला जातो: पर्यायी शिक्षेची शक्यता निर्विवादपणे संपलेली असेल तेव्हाच. शिवाय आरोपी सुधारू शकणार नाही हे सरकारने पुराव्यानिशी दाखवायचं आहे. म्हणजे गुन्हा कितीही क्रूर असला तरी नुसत्या क्रौर्यावर फाशी देता येत नाही. प्रत्यक्षात १९८३च्या मच्छी सिंग निकालाने गुन्ह्यांच्या पाच वर्गवाऱ्या केल्या, 'समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी' हा शब्दप्रयोग आणला, आणि सगळं लक्ष पुन्हा गुन्ह्याकडे वळलं. समाजाची सदसद्विवेकबुद्धी न्यायाधीशाला कुठून कळते? वर्तमानपत्रांतून, मोर्च्यांतून, कोर्टाबाहेरच्या गर्दीतून. हा पुरावा नव्हे, आणि यावर उलटतपासणीही घेता येत नाही.

बच्चन सिंग खटल्यात एकटे पडलेले न्यायमूर्ती भगवती यांनी आपली सविस्तर कारणं १९८२ मध्ये दिली. त्यांचा गाभा असा की कोणाला फाशी आणि कोणाला जन्मठेप हे बेंचवर कोण बसलंय यावर ठरतं, आणि म्हणून ही शिक्षा अनुच्छेद १४ आणि २१ चा भंग करते. हे तात्त्विक वाटत असेल तर त्याच वर्षीचा हरबन्स सिंग खटला बघा. एकाच गुन्ह्यात तिघांना फाशी झाली होती, तिघांची भूमिका सारखीच. तिघांची प्रकरणं सुप्रीम कोर्टात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेली. पहिल्याची याचिका १९७६ मध्ये फेटाळली गेली. दुसऱ्याची फाशी १९७७ मध्ये रद्द होऊन जन्मठेप झाली. तिसऱ्याची याचिका, मग फेरविचार याचिका, मग दयेचा अर्ज, सगळं फेटाळलं गेलं. ६ ऑक्टोबर १९८१ ही पहिल्या आणि तिसऱ्याच्या फाशीची तारीख ठरली. तिसऱ्याने ऐनवेळी सुप्रीम कोर्टात याचिका केली, स्थगिती मिळाली आणि तो वाचला. पहिल्याने याचिका केली नाही. आपल्यासारख्याच दोषी ठरलेल्या साथीदाराची फाशी चार वर्षांपूर्वी रद्द झाली आहे, हे त्याच्या बाबतीत कोणी कोर्टाच्या लक्षात आणून दिलं नाही. तो ठरल्या दिवशी फासावर गेला. सारखा गुन्हा, सारखा पुरावा, आणि तीन माणसांची तीन नशिबं. अनुच्छेद १४ चा याहून मोठा भंग मला ठाऊक नाही.

आता चुकीबद्दल. आपल्याच राज्यातला अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला घ्या. २००३च्या दरोडा, बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सेशन कोर्टाने फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. सरकार अपिलात गेलं आणि २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. पुढे त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असं सिद्ध झालं. शेवटी ५ मार्च २०१९ रोजी त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. जखमी साक्षीदार महिलेने सुरुवातीलाच पोलिसांच्या रेकॉर्डवरच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्यांचा तपास झालाच नव्हता. सोळा वर्षं तुरुंगात काढल्यावर प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई. मधल्या काळात एकाचीही फाशी अंमलात आली असती तर २०१९चा निकाल कोणाच्या हातात द्यायचा होता?

दुसरं प्रकरण पुण्यातलं. १९९४च्या एका हत्याकांडात फाशी झालेला आरोपी गुन्ह्याच्या वेळी अवघ्या बारा वर्षांचा होता, हे शाळेच्या दाखल्यावरून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं आणि त्याला सोडलं. तोवर अठ्ठावीस वर्षं उलटली होती. सेशन कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, फेरविचार, एवढ्या पायऱ्यांवरून हे प्रकरण गेलं आणि एक जन्मतारीख नीट तपासली गेली नाही. यात कोणी मुद्दाम वाईट केलं असं मी म्हणत नाही. माणसं चालवतात ती व्यवस्था चुकणारच, आणि बाकी प्रत्येक शिक्षेत निदान उरलेलं आयुष्य परत देता येतं.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फाशीच्या कैद्यांपैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बळ निघाले. मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण शिक्षेच्या सुनावणीचा दिवस मी जवळून बघते. दोषसिद्धी सकाळी जाहीर होते. दुपारच्या सत्रात न्यायाधीश आरोपीला विचारतात, शिक्षेबाबत काय म्हणायचंय? आरोपी हात जोडून म्हणतो, "साहेब, घरी म्हातारी आई आहे, पोरं लहान आहेत." विधी सेवा प्राधिकरणाने दिलेला वकील उभा राहतो: वय कमी आहे, पहिलाच गुन्हा आहे, दया व्हावी. सरकारी वकील निकालांची चळत पुढे करतात. संपलं. माणूस सुधारण्यापलीकडे गेलाय का, या प्रश्नाला निकालपत्रात चार ओळी मिळतात. लहानपणी त्याला कोणी मारहाण केली, डोक्याला मार लागला होता का, कितव्या वर्षी वीटभट्टीवर कामाला गेला, तुरुंगातली वर्तणूक कशी आहे, यातलं काहीच रेकॉर्डवर नसतं. २०२२च्या मनोज निकालात सुप्रीम कोर्टाने ही सगळी माहिती खटल्याच्याच टप्प्यावर मागवायला सांगितलं: प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल, मानसोपचारतज्ज्ञांचं मत, तुरुंगाचा अहवाल. त्याच वर्षी, दोषसिद्धीच्या दिवशीच शिक्षा सुनावली तर ती खरी सुनावणी म्हणायची का, हा प्रश्न घटनापीठाकडे पाठवला गेला. सत्यवान जे बापाला सांगत होता, तेच इथे कायद्याच्या भाषेत आलेलं आहे.

धर्माचा युक्तिवाद कोर्टात थेट करावा का? माझं मत स्पष्ट आहे: करू नये. न्यायाधीश घटनेने बांधलेला आहे, आणि आपण एका ग्रंथातलं वचन दिलं की समोरचा त्याच ग्रंथातलं दुसरं वचन काढतो. त्याची खरी जागा दयेच्या अर्जात आहे. अनुच्छेद ७२ खालचा राष्ट्रपतींचा आणि १६१ खालचा राज्यपालांचा माफीचा अधिकार म्हणजे कोर्टाच्या निकालावरचं अपील नाही. पुरावा नव्याने बघण्याची मुभाही राष्ट्रपतींना आहे, असं १९८८च्या केहर सिंग निकालात म्हटलंय. क्षमा, पश्चात्ताप, कुटुंबावर होणारा परिणाम, सगळं तिथे मांडता येतं. मात्र एक पथ्य पाळा. कैद्याचा धर्म किंवा जात हे माफीचं कारण होऊ शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये स्पष्ट केलंय. करुणेचा आधार घ्या, कैद्याच्या धर्माचा नको.

दयेच्या अर्जावर वर्षानुवर्षं निर्णय न होणं हीसुद्धा शिक्षाच आहे. अशोकाच्या चौथ्या स्तंभलेखात मृत्युदंड ठरलेल्या कैद्यांना तीन दिवसांची सवलत दिली आहे, नातलगांना धावपळ करता यावी आणि कैद्याला परलोकाची तयारी करता यावी म्हणून. २०१४च्या शत्रुघ्न चौहान निकालाने अर्ज फेटाळल्याची सूचना आणि फाशी यांत चौदा दिवस ठेवायला सांगितले आणि विनाकारण विलंब किंवा मानसिक आजार या कारणांनी पंधरा कैद्यांची फाशी रद्द केली. त्याआधीच्या वर्षी संसद हल्ल्याच्या खटल्यातल्या दोषीला फाशी झाली, तेव्हा घरच्यांना कळवणारं पत्र फाशी होऊन गेल्यावर पोचलं होतं. तो कोण होता आणि त्याने काय केलं हा मुद्दाच नाही. त्याच्या बायकोने आणि मुलाने काय केलं होतं?

पीडितांच्या कुटुंबाबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही, आणि मी ते टाळतही नाही. ज्या आईची मुलगी गेली तिने फाशी मागणं अगदी माणुसकीला धरून आहे. तिला अहिंसा शिकवायचा अधिकार मला नाही. पण फाशीच्या खटल्यांत त्या कुटुंबाला काय मिळतं तेही बघा: सेशन कोर्ट, मग कन्फर्मेशन, मग सुप्रीम कोर्ट, फेरविचार, दयेचा अर्ज, त्याच्या विलंबावर पुन्हा याचिका. प्रत्येक तारखेला जखम उघडी होते. २००० ते २०१५ या काळातल्या फाशीच्या शिक्षांपैकी वरच्या कोर्टांत शेवटपर्यंत टिकलेल्या शंभरात पाचही नव्हत्या. म्हणजे बहुतेक कुटुंबांना व्यवस्थेने एक वचन दिलं आणि दहा-पंधरा वर्षांनी ते मोडलं. २००८च्या स्वामी श्रद्धानंद निकालापासून वीस, पंचवीस, तीस वर्षं किंवा मरेपर्यंत सूट न देता तुरुंगवास असा पर्याय वरच्या कोर्टांकडे आहे, आणि २०१५ मध्ये घटनापीठाने तो उचलून धरला. पर्याय 'निर्विवादपणे संपला' असं यानंतर म्हणणं फारच अवघड आहे. मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्काराच्या खटल्यात मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये तिघांची फाशी रद्द करताना हेच म्हटलं की फाशीने पश्चात्तापच संपतो. दोषींनी उरलेलं आयुष्य तुरुंगात, पश्चात्तापात काढावं.

२०१५ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने २६२व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. जन्मठेपेपेक्षा फाशीने जास्त जरब बसते याचा पुरावा नाही, हेही त्यात लिहिलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने उलट झुंडीने केलेल्या हत्येसारख्या नव्या कलमांत फाशी घातली. म्हणजे संसदेतून इतक्यात काही होईल असं दिसत नाही, लढाई खटल्याखटल्याने लढायची आहे.

विचारणाऱ्या मुलाला शेवटी कामाची गोष्ट सांगते. अनुच्छेद २१ वरचं भाषण हायकोर्टासाठी राखून ठेव. फाशी टळते किंवा होते ती सेशन कोर्टात, शिक्षेच्या सुनावणीला. दोषसिद्धी जाहीर झाली की त्याच क्षणी वेळ मागायचा, प्रोबेशन अधिकाऱ्याचा आणि तुरुंगाचा अहवाल मागवायचा, मानसिक तपासणीचा अर्ज करायचा, आणि बच्चन सिंगमधलं ते पूर्ण वाक्य अर्जात उतरवायचं. हे सगळं लेखी दे आणि अर्जावर निशाणी क्रमांक, म्हणजे कोर्टाच्या रेकॉर्डचा नंबर, पडल्याची खात्री कर. तोंडी मागितलेलं रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, येईलच असं नाही, आणि रेकॉर्डवर नसलेली मागणी हायकोर्टात कन्फर्मेशनच्या वेळी दाखवता येत नाही.